वसंत-उन्हाळा 2026 : मिलान-पॅरिसच्या रॅम्पवर काय दिसलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते ऑक्टोबर 2025 या काळात मिलान आणि पॅरिसमध्ये जे फॅशन शो झाले, त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. न्यूयॉर्क आणि लंडन जवळजवळ वगळलंय. या हंगामातल्या मोठ्या घडामोडी इटली आणि फ्रान्समध्येच झाल्या, आणि त्यातली एक थेट कोल्हापूरपर्यंत पोहोचली.

शो 2025 मध्ये झाले, मग हंगामाचं नाव 2026 कसं?

कपडा रॅम्पवर दिसणं आणि दुकानात लागणं यांच्यामध्ये साधारण सहा महिने जातात. शो संपला की मोठ्या दुकानांचे खरेदीदार शोरूममध्ये बसून ऑर्डरी देतात, मग कापड विणायला जातं, शिवण होते आणि वर्षाच्या सुरुवातीला माल दुकानात येऊ लागतो. म्हणून बायकांच्या वसंत-उन्हाळ्याचे शो आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला होतात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस हा क्रम ठरलेला. शरद-हिवाळ्याचे शो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुरुषांचे त्याहून आधी, जून आणि जानेवारीत. या दोन हंगामांच्या मधे 'क्रूझ' आणि 'प्री-फॉल' नावाची कलेक्शन्स असतात. त्यांची चर्चा कमी होते, पण ती दुकानात जास्त काळ टिकतात.

आणि 'ओत कुत्यूर'?

ते वेगळं प्रकरण आहे. ग्राहकाच्या मापावर, हाताने, एकेक नग शिवायचा. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फक्त पॅरिसला. हे नाव फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्याने राखीव आहे. पॅरिसमध्ये स्वतःचं शिवणघर आणि ठरावीक कारागीर असल्याशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे कुठल्याही बुटीकच्या पाटीवर 'कुत्यूर' लिहिलेलं असतं, त्याचा या कुत्यूरशी काही संबंध नाही. 2020च्या जानेवारीत राहुल मिश्रा या आठवड्याच्या अधिकृत वेळापत्रकात आला, तो तिथवर पोहोचलेला पहिला भारतीय डिझायनर. 2021च्या जुलैत मुंबईत काम करणारी वैशाली शडांगुळे तिथे गेली, ती पहिली भारतीय स्त्री. तिचा सगळा भर हातमागावर आहे.

या हंगामाचा एवढा गाजावाजा का झाला?

कपड्यांपेक्षा माणसांमुळे. एकाच हंगामात इतक्या जुन्या फॅशन घराण्यांचे डिझायनर बदलले की पॅरिसचा आठवडा म्हणजे एकामागून एक गृहप्रवेश होता. शानेलमध्ये मात्यू ब्लाझी आला. डिओरमध्ये जोनाथन अँडरसन आला आणि बायकांचे, पुरुषांचे, कुत्यूरचे असे तिन्ही विभाग त्याच्याच हाती गेले. खुद्द क्रिस्तियान डिओरनंतर असं पहिल्यांदाच झालं. बालेन्सियागात पिएरपाओलो पिचोली, लोएवेमध्ये जॅक मॅकॉलो आणि लाझारो हर्नांदेझ, जिल सँडरमध्ये सिमोने बेलोत्ती, बोतेगा वेनेतामध्ये लुईज ट्रॉटर. मोठ्या घराण्यांच्या या यादीत बाई जवळजवळ एकटीच, आणि बायकांच्या कपड्यांचा धंदा चालवणाऱ्यांना याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

कारण सरळ आहे. महागड्या मालाची विक्री मंदावली होती. भाव वाढत गेले, कपडे तेच राहिले, गिऱ्हाईक वैतागलं. मग मालकांनी हुकमी उपाय केला आणि डिझायनर बदलले. वर्साचेमध्ये तर दारिओ वितालेचं एकच कलेक्शन झालं. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचा शो, 2 डिसेंबरला प्राडा समूहाने 1.25 अब्ज युरोंना वर्साचेची खरेदी पूर्ण केली आणि त्याच आठवड्यात विताले बाहेर पडत असल्याची बातमी आली. ते कलेक्शन मला आवडलं होतं. उंच कमरेच्या भडक रंगांच्या जीन्स, मोकळ्या काखांच्या बनियनी, थोडा घाम आणि थोडा चावटपणा. वर्साचेचं मूळ तेच.

4 सप्टेंबर 2025ला जॉर्जियो अरमानी वयाच्या 91व्या वर्षी गेले, हेही याच हंगामातलं. महिनाअखेरीस मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयाच्या चौकात त्यांच्या घराण्याचा पन्नासाव्या वर्षाचा शो ठरलेला होता, तो तसाच झाला. पियानोवर इटालियन संगीतकार लुदोविको एनाउदी होता. आज ऑफिसात अंगावर जे हलकं, खांद्यावरून सहज उतरणारं जाकीट दिसतं, त्याच्या आतलं जाड अस्तर आणि खांद्यांचं भरण काढून टाकण्याचं श्रेय मुख्यतः या माणसाला जातं. सत्तरच्या दशकातली ती गोष्ट. सगळीकडे नव्या माणसांचा उत्साह असताना हा शो पाहून एक जाणवलं: अरमानींनी कधी धक्का दिला नाही, तरी कपाटं त्यांनीच जास्त बदलली.

बायकांच्या कपड्यांत नेमकं काय बदललं?

रंग आणि छापे नंतर पाहावेत. शिंप्याच्या नजरेने आधी खांदा, कंबर आणि उंची पाहावी. आकार बदलला तरच फॅशन बदलली म्हणायची.

या वेळी वरचा कपडा आखूड झाला आणि खालचा सैल. शानेलचा शो 6 ऑक्टोबरला ग्रां पालेमध्ये झाला, वर मोठमोठे ग्रह टांगलेले. पहिल्याच नगात पुरुषी कापडाचं, कंबरेवर कापून टाकल्यासारखं आखूड जाकीट आणि खाली सैल पँट होती. मागोमाग शार्वे या जुन्या पॅरिसवासी शर्टवाल्यांबरोबर केलेले साधे शर्ट आले, कंबरेखाली सरकलेले लांब स्कर्ट आले. चुरगळलेल्या पर्साही होत्या. वर्षानुवर्षं वापरून आईकडून लेकीला मिळाल्यासारख्या दिसणाऱ्या. शानेलचं ट्वीड, म्हणजे जाडसर लोकरी कापड, इतकी वर्षं कडक इस्त्रीत उभं असायचं, ब्लाझीने त्याला बसायला शिकवलं. माझ्या मते हंगामातला सर्वांत चांगला शो हाच. शेवटी ऑवार ओडियांग ही मॉडेल साधा रेशमी टी-शर्ट आणि पिसांचा प्रचंड घेरदार स्कर्ट घालून मोकळेपणी हसत नाचली, तेव्हा बघणाऱ्यांना कळलं की या कपड्यांत हालचाल करता येते. फॅशन शोमध्ये ही गोष्ट दिसणं दुर्मीळ.

डिओरचा शो त्याच्या पाच दिवस आधी तुईलरी बागेत झाला. अँडरसनने 1947चं ते प्रसिद्ध, कंबरेत आवळलेलं 'बार' जाकीट बाहुलीला होईल इतकं आखडवलं आणि खाली मिनी स्कर्ट दिले. कल्पना भरपूर, पण एकाच ताटात फार वाढलं. अर्ध्यावर नजर थकते. टोप्या मात्र झकास.

बालेन्सियागात पिचोलीने 1957च्या सरळ, अंगापासून सुटलेल्या सॅक ड्रेसपासून सुरुवात केली. कापड शरीराला न चिकटता त्याच्याभोवती हवा खेळती ठेवतं, हे उष्ण देशातल्या कुठल्याही बाईला पटेल. बोतेगाच्या शोमध्ये पुनर्वापर केलेल्या काचतंतूंचे स्वेटर आणि स्कर्ट चालताना झळाळत होते. विणलेल्या चामड्याची त्यांची खास पद्धत 2025 मध्ये पन्नास वर्षांची झाली. सॅं लोराँने आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, पांढऱ्या फुलांच्या वाफ्यांमधून, मोठ्या खांद्यांची चामडी जाकिटं आणि गळ्याशी भलीमोठी बो बांधलेले ब्लाउज चालवले. दिसायला जबरदस्त, पण हे आपण आधीही पाहिलंय.

मग मिऊ मिऊ, प्राडाचाच दुसरा ब्रँड. मिउच्चा प्राडाने अख्खा शो एप्रनवर केला. स्वयंपाकघरातले, कारखान्यातले, फुलाफुलांचे, चामड्याचे, मण्यांचे. बायकांच्या कष्टाचं चिन्ह म्हणून तिने ते निवडले. श्रीमंत गिऱ्हाइकाला मोलकरणीचा कपडा हजारो युरोंना विकणं यातली विसंगती लपत नाही, आणि ती लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही. या शोवर मैत्रिणींमध्ये सर्वांत जास्त भांडणं झाली, आणि मी अजून कुठल्याच बाजूला नाही.

पुरुषांच्या कपड्यांत काय?

पाय मोकळे झाले. पुरुषांच्या फॅशनमध्ये एवढा बदल म्हणजे पुष्कळ.

प्राडाने 22 जूनला मिलानमध्ये रिकाम्या गोदामासारख्या दालनात, फुलांच्या आकाराच्या गालिच्यांमधून, मुलांना अगदी तोकड्या, लहान बाळाच्या चड्डीसारख्या फुगीर शॉर्ट्समध्ये चालवलं. डोक्यावर राफियाच्या, म्हणजे ताडाच्या पानांच्या धाग्यांच्या, टोकदार टोप्या. आणि पायात त्या चपला, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येतंच. डोल्चे अँड गबानाने पट्ट्यापट्ट्यांचे पायजमेच रस्त्यावर आणले. आपल्याकडे सकाळी दूध आणायला जाणारे काका हा ट्रेंड तीन पिढ्या चालवत आहेत. फरक इतकाच की मिलानमध्ये तो चुरगळलेला दिसण्यासाठी खास मेहनत घेतलेली होती. ड्रीस व्हान नोटेनच्या घराण्यात जुलियान क्लाउसनरने पुरुषांच्या पहिल्या शोमध्ये पँटवर सरोंग बांधले, वर नेटका कोट. लुंगीवर कोट घातल्यासारखंच, आणि खरोखर देखणं.

डिओरच्या पुरुषांच्या शोमध्ये अँडरसन पहिल्यांदा दिसला तो जूनच्या अखेरीस. दालन बर्लिनच्या चित्रसंग्रहालयासारखं सजवलेलं, भिंतीवर अठराव्या शतकातल्या शार्दँ या फ्रेंच चित्रकाराची दोन खरी चित्रं. डोनेगल ट्वीडचं बार जाकीट आणि खाली मागच्या बाजूला कापडाच्या भल्याथोरल्या घड्या असलेली कार्गो शॉर्ट्स. त्या घड्या डिओरच्याच 1948च्या 'डेल्फ्ट' नावाच्या ड्रेसवरून घेतलेल्या. बायकांच्या शोपेक्षा मला हा उजवा वाटला. इथे जुनं-नवं एकमेकांशी बोलत होतं.

रंग कुठले?

लोएवेने भडक लाल-पिवळा-निळा आणला, वर्साचेही तसंच. 2025भर लोण्यासारखा फिका पिवळा आणि चॉकलेटी यांचं राज्य होतं. ते संपलेलं नाही, पण जुनं होत चाललंय. रंगांचे क्रमांक ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने 2026चा रंग म्हणून 'क्लाउड डान्सर' नावाचा पांढरा जाहीर केला. पांढऱ्याला वर्षाचा रंग म्हणून घोषित करायला धैर्य लागतं किंवा आळस, तुम्ही ठरवा. गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरने पांढऱ्या, सैल, साध्या कपड्यांवर आयुष्य काढलं, 2014 मध्ये पद्मश्री मिळवली आणि कुणबी साडीला पुन्हा उभं केलं. त्याला कुठल्या कंपनीच्या घोषणेची गरज पडली नव्हती.

रॅम्पवरचे विचित्र कपडे खरंच कोणी घालतं का?

फार थोडे, आणि डिझायनरलाही ते ठाऊक असतं. मार्जेला या पॅरिसच्या घराण्याच्या या हंगामाच्या शोमध्ये मॉडेल्सच्या तोंडात धातूची पकड बसवून ओठ ताणून ठेवले होते आणि बाजूला लहान मुलांचा वाद्यवृंद बेसूर वाजवत होता. ते घालून कोणी लग्नाला जाणार नाही. शो ही जाहिरात असते. मोठ्या घराण्यांचा पैसा पर्स, चपला-बूट, अत्तरं, चष्मे यांतून येतो आणि रॅम्पवरचा कपडा त्या सगळ्यावर किंमत चढवतो. तरीही ढोंग आणि कल्पना यांत फरक करता येतो. विचित्र नग बाजूला ठेवा आणि त्याच शोमधल्या साध्या पँटकडे, शर्टाच्या गळ्याकडे बघा. ती पँट नीट बेतलेली असेल तर डिझायनरला काम येतं. मार्जेलातली जाकिटं या कसोटीला उतरतात.

प्राडा आणि कोल्हापुरी चपलांचं प्रकरण नेमकं काय होतं?

22 जूनच्या त्या शोमध्ये काही मॉडेल्सच्या पायात चपटा तळ, अंगठा आणि आडवा पट्टा असलेल्या चामड्याच्या चपला होत्या. कोल्हापुरी पाहिलेल्या कोणालाही ओळख पटायला दोन सेकंद पुरे. प्राडाच्या माहितीत मात्र फक्त 'लेदर सँडल्स' एवढंच होतं. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतही नाही. फोटो फिरले, संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. काही दिवसांतच प्राडातर्फे लोरेंझो बेर्तेल्ली यांचं उत्तर आलं. मिउच्चा प्राडांचे चिरंजीव, समूहाच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे प्रमुख. या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक हस्तकलेतून आलीय हे त्यांनी मान्य केलं आणि कारागिरांशी बोलायची तयारी दाखवली. जुलैमध्ये प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, कारागिरांना भेटली.

डिसेंबर 2025 मध्ये करार जाहीर झाला. एका बाजूला प्राडा, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं महामंडळ. 2,000 जोड्या, दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून, किंमत साधारण 800 युरो, विक्री फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन, शिवाय कारागिरांसाठी प्रशिक्षण, असं तेव्हा सांगण्यात आलं.

आरडाओरडा झाला नसता तर यातलं काहीही झालं नसतं, हे उघड आहे. पण या प्रकरणात आपली बाजूही फार उजळ नाही. ज्यांनी समाजमाध्यमांवर अस्मितेच्या पोस्टी टाकल्या, त्यांतले कितीतरी जण कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर दीडशे रुपयांसाठी चप्पलवाल्याशी अर्धा तास घासाघीस करतात. चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या जातींना या कामाचा मान आणि मोबदला इथे कधी मिळाला, हा प्रश्न मिलानला विचारून चालणार नाही.

जीआय मानांकन होतं, तरी कायद्याने काही का करता आलं नाही?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. पण हे मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं. बाहेरच्या मालाला 'कोल्हापुरी' म्हणून विकलं तर कारवाई होऊ शकते. प्राडाने ते नावच घेतलं नव्हतं, आणि नेमकी तीच तर तक्रार होती! शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली, ती जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली. दाद मागायची असेल तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी यावं, असा न्यायालयाचा सूर होता.

खरी कोल्हापुरी ओळखायची कशी?

खिळा दिसला तर ती खरी नव्हे. जुन्या पद्धतीत तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात. चामडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्यामुळे रंग मधासारखा येतो आणि वापर व तेल यांनी गडद होत जातो. रसायनाने रंगवलेली चप्पल पहिल्याच दिवशी गडद आणि सगळीकडे सारखी दिसते. दोन्ही बाजूंचे कान, मधला पट्टा, अंगठा आणि वेणी हे भाग नीट पाहा. वेणीची वीण सैल असेल तर सोडून द्या. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार आहेत, दुकानदाराला नावाने विचारलं की तो वेगळा माल बाहेर काढतो. संत रोहिदास महामंडळाने अस्सल मालावर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केलीय, तो तपासा. नवी चप्पल चावते. आतून तेलाचा हात फिरवून घरात थोडी थोडी घालावी. पावसाळ्यात कपाटात राहू द्यावी.

प्राडाची जोडी घ्यावी का? 80 हजार रुपयांच्या वर पैसे मोजून तीच वस्तू हवी असेल तर तुमची मर्जी. कापशी गावातल्या चांगल्या कारागिराची जोडी काही हजारांत मिळते, आणि चप्पल तुमच्या पायाच्या मापाने बेतून मिळते.

भारतातल्या कारागिरांचं नाव रॅम्पवर कुठेच येत नाही का?

कमीच, पण अपवाद आहेत. पॅरिसच्या भरजरी कपड्यांवरचं बरंचसं भरतकाम आपल्याकडे होतं. आरी, जरदोजी, टिकल्या-मण्यांचं काम मुंबईतल्या कारखान्यांत लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडावर चालतं. वर्षानुवर्षं ते गुपचूप चाललं. डिओरची तेव्हाची डिझायनर मारिया ग्राझिया किउरी हिने 30 मार्च 2023ला गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा ही वाट थोडी मोकळी झाली. कमानीवर प्रचंड तोरण लावलेलं, ते मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांचं. संस्थेची कलादिग्दर्शक करिश्मा स्वाली आणि चाणक्य ही नावं त्या रात्री जगभर गेली.

आणि त्याच डिओरच्या जून 2025च्या पुरुषांच्या शोमध्ये लखनौच्या मुकैश कामाचा, म्हणजे धातूच्या बारीक पट्टीने भरलेला, कोट आला, तेव्हा लखनौचं नाव न घेतल्याबद्दल टीका झाली. म्हणजे घराणं तेच आणि कला भारतीयच. श्रेय द्यायचं की नाही हे मात्र खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर राहिलं. कराराच्या कागदावर जोवर कारागिराच्या नावाची ओळ येत नाही, तोवर असंच चालणार.

त्याच आठवड्यात लुई व्हितॉंच्या पुरुषांच्या शोमध्ये तिथला डिझायनर, गायक फॅरेल विल्यम्सने भारत हाच विषय घेतला होता. पॅरिसच्या पॉंपिडू कलाकेंद्रासमोर सापशिडीचा भव्य पट मांडला होता. त्याची रचना वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ची, संगीतात ए. आर. रहमान. कपड्यांत उन्हाने विटलेले तपकिरी-जांभळे रंग, सैल पँटी. भारत म्हणजे हत्ती आणि महाराजे, हा नेहमीचा मसाला बराच टाळला होता, आणि इथे निदान कोणाबरोबर काम केलं ते सांगितलं गेलं.

भारतीय मॉडेल्स दिसतात का?

दिसू लागल्या आहेत. डिसेंबर 2025 मध्ये शानेलने न्यूयॉर्कच्या एका सबवे स्थानकातल्या वापरात नसलेल्या फलाटावर शो केला, त्याची सुरुवात हैदराबादच्या भविता मंडवाने केली. अंगात जीन्स आणि साधा स्वेटर. शानेलचा शो उघडणारी ती पहिली भारतीय. ती मॉडेलिंगमध्ये आली तीच न्यूयॉर्कच्या सबवेत कोणाच्या तरी नजरेला पडून, म्हणून जागेची निवड आणखी गंमतीची.

मुंबई-पुणे-नागपूरच्या हवेत यातलं काय चालेल?

लोकरी ट्वीड आणि चामडं विसरा. आकार घ्या आणि कापड आपलं वापरा.

बायकांसाठी सर्वांत सोपी गोष्ट आखूड जाकीट. खण, इरकल किंवा जाड खादीचं, अस्तर न लावता, लांबी कंबरेच्या हाडापर्यंतच. खाली सैल सुती पँट किंवा सरळ साडी. टेलरला 'क्रॉप' म्हणालात तर तो बिकिनीच्या दिशेने जातो, तेव्हा टेप लावून इंच सांगा. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून कापड घेण्याआधी टेलरला विचारा आणि जोड पाठीच्या मधोमध येऊ द्या. सॅक ड्रेस हवा असेल तर मंगळगिरी उत्तम, कारण त्याला थोडा ताठरपणा असतो. मलमल अंगावर पडतं आणि आकारच राहत नाही.

पुरुषांनी तोकड्या फुगीर शॉर्ट्सच्या नादाला न लागलेलं बरं, ती 20 वर्षांच्या मिलानी पोरालाच शोभते. पण पुढे दोन चुण्या असलेली, मांडीत सैल, घोट्यावर संपणारी सुती किंवा लिननची पँट शिवून घ्या. गेली पंधरा वर्षं मांड्यांना चिकटलेल्या पँटी घालून आपण एप्रिलमध्ये लोकलने प्रवास करतोय, हा अत्याचार थांबवायला निमित्त मिळालंय. वर पट्ट्यांचा शर्ट बाहेर सोडून, पायात कोल्हापुरी.

एप्रनचा ट्रेंड करून पाहायचा असेल तर घरातलाच वापरा.

आपल्या लॅक्मे फॅशन वीकचं वेळापत्रक यात कुठे बसतं?

बसत नाही, आणि ते ठीक आहे. 2000च्या सुमारास सुरू झालेला हा सोहळा आता एफडीसीआय या भारतीय डिझायनरांच्या संघटनेबरोबर मिळून होतो, वर्षातून दोनदा. युरोपात हंगाम थंडी-उन्हावर ठरतो, आपल्याकडे दिवाळी आणि लग्नाच्या तिथींवर. मार्गशीर्षात कोणता शालू खपेल, यावर आपल्या डिझायनरांचं वर्ष ठरतं. म्हणूनच भारतीय रॅम्पवर रोजच्या कपड्यांचे चांगले प्रयोग कमी आणि लेहंगे जास्त दिसतात. हातमागावर रोजचं काम करणारी मंडळी आहेत, पण मथळे नवरीलाच मिळतात.

हे शो घरबसल्या पाहता येतात का? कधी?

येतात, आणि फुकट. बहुतेक मोठी घराणी आपल्या यूट्यूब वाहिनीवर आणि संकेतस्थळावर थेट प्रक्षेपण करतात, नंतर पूर्ण चित्रफीत तिथेच राहते. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जून-जुलैत पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे असतं, जानेवारी ते मार्चमध्ये बहुतेक दिवस साडेचार तास. म्हणजे तिथला दुपारी अडीचचा शो आपल्याकडे संध्याकाळी सहा किंवा सातला. जाहीर वेळेला कोणीही सुरू करत नाही. अर्धा तास उशीर धरूनच चहा टाका. पहिल्या रांगेतल्या नटनट्यांवर कॅमेरा रेंगाळतो तेवढा भाग पुढे ढकला. एकदा सलग पाहा, मग आवाज बंद करून पुन्हा पाहा. संगीत गेलं की कच्चा कपडा लगेच उघडा पडतो. तिसऱ्यांदा पाहायची वेळ आलीच, तर फक्त पाठीकडून पाहा, कारण मॉडेल वळल्यावर मागची शिवण कशी बसलीय ते फोटोंमध्ये कोणी दाखवत नाही.